फाउंड्रीची पर्यावरणीय कार्यक्षमता डीईएने मोजताना धूर आणि वाळू कुठल्या खान्यात धरायची?

तुमचा प्रश्न असा आहे: उद्यमबागेतल्या फाउंड्रींची पर्यावरणीय कार्यक्षमता डीईए (डेटा एन्व्हलपमेंट ॲनालिसिस) पद्धतीने मोजायचा प्रकल्प तुम्ही घेतलाय, वीसेक कारखान्यांची माहिती मिळेल, पण धूर आणि टाकाऊ वाळू इनपुट धरायची की आउटपुट, आणि शेवटी येणाऱ्या आकड्यावर कितपत भरवसा ठेवायचा. मी बेळगावातच सतरा वर्षं भट्टीखात्यात काढली. मधल्या काळात अकरा कारखान्यांची अशीच मोजणी स्वतः केली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पद्धतीचं मूळ समजलं तर निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. कार्यक्षमता सर्वांत चांगल्या कारखान्यांच्या सीमारेषेपासून मोजायची, ही कल्पना फॅरेल यांनी 1957 मध्ये मांडली. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी 1978 मध्ये ती रेषीय प्रोग्रामिंगमध्ये बसवली. ऱ्होड्स तेव्हा अमेरिकेतल्या शाळांच्या एका सरकारी कार्यक्रमावर पीएचडी करत होते. शाळेमुळे मुलाचा आत्मविश्वास वाढला, तर त्याची किंमत किती धरायची? त्याला बाजारभावच नाही. म्हणून त्यांनी प्रत्येक शाळेला आपल्याला सोयीचे भार, म्हणजे कशाला किती महत्त्व द्यायचं ते, निवडायची मुभा दिली. त्या भारांनी आउटपुटची बेरीज भागिले इनपुटची बेरीज म्हणजे निर्देशांक. अट एकच: तेच भार इतरांना लावले तर कुणाचाही निर्देशांक 1 च्या वर जाता कामा नये. इतकी सवलत मिळूनही जी शाळा मागे राहते, तिच्याकडे सबब उरत नाही. धुरालाही बाजारभाव नसतो, म्हणूनच ही पद्धत पुढे पर्यावरणाच्या मोजणीत आली.

आता कागद-पेन्सिल घ्या. समजा चार फाउंड्री आहेत आणि विकण्याजोग्या एक टन ओतीव मालामागे त्यांचा खर्च असा आहे: 'अ' 900 युनिट वीज आणि 600 किलो टाकाऊ वाळू, 'ब' 1200 युनिट, 300 किलो, 'क' 1500 युनिट, 600 किलो, 'ड' 1000 युनिट, 900 किलो. आडव्या अक्षावर वीज आणि उभ्या अक्षावर वाळू घेऊन चार ठिपके मांडा. 'अ' आणि 'ब' यांना जोडणारी रेघ ही सीमारेषा, तिच्यावरच्या प्रत्येक बिंदूची बेरीज 1500. 'क' ची बेरीज 2100. 1500 भागिले 2100 म्हणजे 0.71. याचा अर्थ असा की 'क' ने वीज आणि वाळू दोन्ही 29 टक्के कमी वापरूनही तेवढाच माल काढायला हवा. त्याचा आदर्श म्हणजे 43 टक्के 'अ' आणि 57 टक्के 'ब' यांचं मिश्रण.

'ड' ची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. 'अ' च्या वर सीमारेषा सरळ उभी जाते, कारण 900 युनिटांखाली कुणीच भागवत नाही. म्हणून 'ड' चा आकडा 900 भागिले 1000, म्हणजे 0.90. ऐकायला छान वाटतं, पण वीज आणि वाळू दोन्ही 10 टक्क्यांनी खाली आणली तरी वाळू 810 किलो उरते, आणि 'अ' तेवढ्याच विजेत 600 मध्ये भागवतो. ही 210 किलोची शिल्लक 0.90 या आकड्यात कुठेही दिसत नाही. तिला स्लॅक म्हणतात. टोन यांनी 2001 मध्ये मांडलेलं एसबीएम (स्लॅक्स-बेस्ड मेझर) मॉडेल ही शिल्लकही निर्देशांकात धरतं. पर्यावरणाची मोजणी करत असाल तर माझा आग्रह आहे की नुसता साधा निर्देशांक देऊन थांबू नका, प्रत्येक कारखान्याचा स्लॅक शेजारी छापा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. वरच्या उदाहरणात मी टाकाऊ वाळू इनपुटसारखी धरली, कारण ती कमी तितकी चांगली. हा सोपा रस्ता आहे आणि बरेच अभ्यासक तो घेतात. पण त्यात एक खोट आहे. इनपुट मानलं की गणित असं समजतं की माल तेवढाच ठेवून, नुसती वीज वाढवून धूर घटवता येईल. भट्टीवर उभं राहिलेल्या माणसाला हे पटणार नाही. धूर फुकट कमी होत नाही. धूर कमी हवा तर एक तर बॅग फिल्टर बसवायचा, नाहीतर हीट, म्हणजे भट्टीच्या वितळवणीच्या खेपा, कमी काढायच्या, आणि हीट कमी झाल्या की मालही कमी होतो. ही गोष्ट फेरे, ग्रॉस्कॉफ, लव्हेल आणि पासुर्का यांनी 1989 मध्ये गणितात आणली: नको असलेलं आउटपुट चांगल्या आउटपुटसोबतच घटतं, एकटं घटत नाही. पुढे 1997 मध्ये चुंग, फेरे आणि ग्रॉस्कॉफ यांनी दिशात्मक अंतराचं फल (डिरेक्शनल डिस्टन्स फंक्शन) दिलं, त्यात माल वाढवणं आणि धूर घटवणं एकाच वेळी मोजता येतं. धुरासाठी मी हेच वापरेन.

वाळूसाठी मात्र वेगळं सांगतो. ग्रीन सँडच्या (ओलसर, माती मिसळलेल्या वाळूचे साचे करणाऱ्या) फाउंड्रीत वर्षभरात जितकी नवी वाळू गेटातून आत येते, जवळजवळ तितकीच कधी ना कधी बाहेर जाते. त्यामुळे नवी वाळू इनपुट आणि टाकाऊ वाळू आउटपुट असं दोन्ही मांडलंत तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाईल. एकच धरा. याचा फायदाही घ्या: बाहेर टाकलेली वाळू कुणी तोलत नाही, पण आत आलेल्या वाळूची बिलं प्रत्येकाकडे असतात.

माझी पहिली मोजणी चुकली ती दुसऱ्याच जागी. मी आउटपुट म्हणून वितळवलेल्या धातूचे टन घेतले, कारण भट्टीच्या वहीत तेच लिहिलेलं असतं. गणितात पहिला आलेला कारखाना मला ओळखीचा होता. तिथे रिजेक्शनचा ढीग कंपाउंडच्या भिंतीपर्यंत गेलेला मी रोज बघत होतो. परत वितळवलेला खराब माल, रनर, रायझर (साच्याच्या वाटांत उरलेला धातू), सगळंच 'उत्पादन' म्हणून मोजलं गेलं होतं. जितकं जास्त वाया, तितका कारखाना कार्यक्षम! मग डिस्पॅचच्या चलनांवरून विकलेला माल घेतला, तसा तो सातवा झाला. तुम्हीही चलनंच मागा.

विजेचा धूर विसरू नका. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीवर चिमणी दिसत नाही म्हणून ती स्वच्छ ठरत नाही. तिच्या विजेचा काही भाग रायचूर-बळ्ळारीसारख्या औष्णिक केंद्रांतून येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी ग्रिडचा उत्सर्जन गुणांक प्रसिद्ध करतं. तो गेली काही वर्षं एका युनिटमागे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइडच्या आसपास आहे. चांगल्या कोकला ढोबळमानाने किलोमागे 3 किलो धरतात. या दोन गुणांकांनी कपोला (कोकवरची भट्टी) आणि इंडक्शन एका तागडीत येतात. तरीही दोघांना एकाच सीमारेषेखाली कोंबणं मला पटत नाही, तंत्रच वेगळं आहे. दोन्ही गटांच्या वेगळ्या सीमारेषा काढा आणि वर एक सामायिक रेषा घ्या, म्हणजे मालकाचा दोष किती आणि जुन्या भट्टीचा किती हे वेगळं कळेल.

आपण सीमेवर राहतो, म्हणून हेही सांगतो. माहिती कमी पडली की कोल्हापूरकडच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्री घ्यायचा मोह होतो. जरूर घ्या; काम तेच, वाळू तीच, कारागीरही कधी इकडचे तिकडे असतात. पण वीजखर्च रुपयांत घेऊ नका. इकडे हेस्कॉमचा दर, तिकडे महावितरणचा. रुपये घेतलेत तर दोन राज्यांची दरपत्रकं मोजून मोकळे व्हाल. बिलावरचे युनिट उतरवून घ्या. महिन्याचीही काळजी घ्या: गणपतीचा महिना एकट्याने घेतलात तर साचे करणारे गावी गेलेले असतात आणि भट्टी अर्ध्या भाराने चालते. पूर्ण वर्ष घ्या.

लहान कारखान्यांवर अन्याय होऊ नये म्हणून बँकर, चार्न्स, कूपर यांचं 1984 चं मॉडेलही चालवा, ते कारखान्याचा आकार लक्षात घेऊन तोलतं. आठवड्यातून दोनच दिवस भट्टी पेटवणाऱ्याची बरीच वीज थंड भट्टी तापवण्यातच जाते, त्याला रोज चालणाऱ्याशी थेट तोलू नये.

आणि रकाने कमी ठेवा. कारखान्यांची संख्या इनपुट-आउटपुटच्या बेरजेच्या किमान तिप्पट हवी, असा रूढ नियम आहे. मी एकदा अकरा कारखान्यांवर सहा रकाने लावले होते आणि नऊ जणांना 1.00 मिळाला. म्हणजे काहीच कळलं नाही. तुमच्या विसांना वीज किंवा कोक, नवी वाळू, विकलेला माल आणि धुराच्या जागी कार्बन डायऑक्साइड एवढे चार रकाने पुरेत. पण कार्बन वीज आणि कोकवरूनच काढणार असाल तर त्यांचा रकाना वेगळा ठेवू नका, तिथेही दुहेरी मोजणी होते. त्या जागी मजुरांचे तास घ्या. सोडवायला एक्सेलचं सॉल्व्हर चालेल, प्रत्येक कारखान्यासाठी एकदा. आर ही संगणकभाषा येत असेल तर त्यातलं बेंचमार्किंग पॅकेज सगळ्या कारखान्यांचा साधा निर्देशांक एका ओळीत काढतं.

भरवसा किती? आकडा तुमच्या विसांपुरताच खरा असतो. 1.00 मिळालेला कारखाना स्वच्छच असेल असं नाही, या विसांत त्याच्यापेक्षा बरा कुणी सापडला नाही इतकंच. म्हणून मला निर्देशांकापेक्षा त्याच्याशेजारची आदर्शांची यादी जास्त मोलाची वाटते. माझ्या मोजणीत एका कारखान्याचा वाळूचा स्लॅक फार मोठा आला होता. त्याच्या आदर्श कारखान्यात मी तिथल्या सुपरवायझरला घेऊन गेलो. तो साच्यांकडे, मिक्सरकडे बघत हिंडला आणि चाळणीपाशी थांबला. त्यांच्याकडची चाळण कित्येक महिने बंद होती, आणि गोळे फोडत कोण बसणार म्हणून वाळू ट्रॅक्टर भरभरून बाहेर जात होती. परत येताना त्याने वाटेतच मिस्त्रीला फोन लावला.

तुमचा तक्ता तयार झाला की कारखान्यांची नावं काढून इथेच टाका, रकाने बघून सांगतो.