साखर फुटते तेव्हा: वाचकांचे प्रश्न

गुलाबजामच्या पाकात लिंबू पिळलं, तरी सकाळी तळाशी खडे. का?

लिंबू बहुधा गॅस बंद केल्यावर पिळलं असणार. साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे व्हायला आम्ल, उष्णता आणि वेळ तिन्ही लागतात. ही फुटलेली साखर म्हणजेच इन्व्हर्ट शुगर. थोडीशी असली तरी ती स्फटिकांच्या आड येते. अर्धा किलो साखरेला अर्धा चमचा रस पाक उकळायला लागताच घाला आणि दहा मिनिटं मंद ठेवा. कडेला चिकटलेले दाणे ओल्या ब्रशने उतरवा. एक दाणा आत पडला की बाकीचे त्याच्याभोवती जमतात.

बेकरीसाठी इन्व्हर्ट शुगरचं सिरप घरी करता येईल?

१ किलो साखर, ४८० मिली पाणी, १ ग्रॅम लिंबूसत्व. उकळी आली की ढवळणं बंद. मंद आचेवर अर्ध्या तासात तापमान ११४ अंशांवर यावं. आच मोठी असेल तर ते लवकर गाठलं जातं, पण साखर पुरती फुटत नाही. कोमट झाल्यावर सव्वा ग्रॅम खायचा सोडा पाण्यात कालवून घाला. फेस येतो, म्हणून पातेलं मोठं घ्या. केकमधल्या साखरेपैकी १५ टक्क्यांपुरतंच वापरा. केक मऊ राहतो, पण लवकर करपतो. ओव्हन १० अंश खाली ठेवा.

ऊस चार दिवस पडून होता. गूळ चिकटच राहिला, ढेप धरेना.

इथे तीच फुटलेली साखर नको असते. तोडलेल्या उसात ती दिवसागणिक वाढते. मग काहिलीत ११८ अंशांपर्यंत आटवूनही रवा, म्हणजे साखरेचा दाणा, पडत नाही. चुन्याची निवळी रसाची आंबटी कमी करते, त्यामुळे पुढची फूट थांबते, पण आधी झालेली परत येत नाही. चुना जास्त झाला तर गूळ काळवंडतो. असा रस काकवीला वळवा, १०५-१०६ अंशांवर उतरवा. काकवीला दाणा नकोच असतो.

खोकल्याच्या औषधाचं झाकण घट्ट का बसतं? आणि मधुमेहींना इन्व्हर्ट शुगर चालते?

औषधी साध्या सिरपमध्ये वजनाने ६६.७ टक्के साखर असते. आट्यांवर सांडलेला थेंब वाळला की स्फटिक झाकण जखडतात. म्हणून कंपन्या सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन घालतात. सिरप फार उकळलं तर साखर फुटून रंग चढतो, आंबण्याची भीतीही वाढते. मधुमेहींना चालत नाही: निम्मं ग्लुकोजच आहे. फ्रुक्टोज न पचण्याचा जन्मजात विकार असलेल्यांनी तर टाळायलाच हवी.