डच चित्रकार यान फूरमानचं हॅटेम गावाचं छापील चित्र हॉलमध्ये लावण्यासारखं आहे का? अर्ध्याहून जास्त तर नुसतं आभाळच दिसतंय.

त्या 'नुसतं'वरूनच आमच्या घरात सहा वर्षं धुसफूस चाललीये, म्हणून लिहायला बसले.

मी तीन वर्षं नेदरलँड्समध्ये झ्वोलेला होते. पूल ओलांडला की आयसेल नदीच्या पलीकडे हॅटेम, सायकलवर अर्धा तास. फूरमान जन्मला १८५७ साली, त्याच नदीवर थोडं खाली, कांपनला. शिकला ॲमस्टरडॅमला, १८८९ मध्ये हॅटेमला आला आणि १९४१ मध्ये वारला तोही तिथेच. त्याच्या चित्रांत चर्चचा तोच मनोरा, तीच बसकी छपरं, पाण्यावर आलेल्या त्याच गाई. बदलायचे ते ढग. नदीच्या अंगाला नजर अडवायला काही नाहीच. हिवाळ्यात पाणी काठच्या कुरणांवर पसरतं, मग खालीही आभाळच. रिकामी जागा नाही ती, चित्राचा विषय आहे.

हॅटेमला त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. तिथून मी एक प्रत घेतली, गुंडाळी करून हातात धरून पुण्यापर्यंत आणली. दादा म्हणाला, मी फ्रेम करून आणतो. फ्रेमवाल्याकडे तयार चौकट होती, चित्र मावेना, तर त्या माणसाने वरचं चार बोटं आभाळ सरळ कापून टाकलं! मी भांडायला गेले तर म्हणे, "ताई, वर काहीच नव्हतं." आणि दादा त्याच्याच बाजूने, "मनोरा अख्खा आलाय ना?" आलाय की. वीटभट्टीच्या धुराड्यासारखा वर टेकलाय.

तेव्हा घ्या, जरूर लावा. पण मापाची चौकट करून घ्या, समोर ट्यूबलाइट नको, आणि कापाकापी चालू असताना स्वतः दुकानात उभे राहा. भावाला पाठवू नका.

हो, एक राहिलंच. मुलाचं नावही यान फूरमान (१८९० ते १९७६). बिस्किटांबरोबर चित्रं मिळायची, त्या व्हेर्काडे कंपनीच्या अल्बमांसाठी तो काढायचा. तेव्हा तुमचं चित्र बापाचं की लेकाचं, ते आधी बघा. बापाने फुलंही सुरेख रंगवलीत. आभाळ सोसत नसेल तर ती घ्या.

परवा दादाला म्हटलं, तुझ्या लग्नाच्या फोटोचंही वरचं चार बोटं कापू का? तर म्हणतो, त्यात फेटा आहे.