किंग नव्हे, खिंग

न्यू जर्सीहून एका वाचकांनी विचारलंय: तिथल्या थाई हॉटेलांच्या मेनूवर 'प्रिक किंग' असतं, ते मिरच्यांचा राजा का? त्यांच्या मित्रमंडळात तसं ठरूनही गेलंय म्हणे.

राजाबिजा कुणी नाही. 'फ्रिक' म्हणजे मिरची (फ फळातला, फॅनमधला नव्हे) आणि 'खिंग' म्हणजे आलं. रोमन अक्षरांत लिहिताना ह गाळला की ख चा क होतो. थाई लिपीत क-ख, प-फ वेगवेगळे आहेत, आपल्यातही आहेत, मग मराठी माणसानं व्हाया इंग्रजी का जावं? 'टॉम का' या थाई सूपचंही तेच. तो 'खा' आहे, म्हणजे कुलिंजन, आल्याच्याच कुळातला एक कंद. वेटर तुम्हाला हुकूम सोडत नसतो. आणि या फ्रिक खिंगमध्ये आलं बहुधा नसतंच. लाल मिरची, कुलिंजन, गवती चहा वगैरेंचं वाटण परतायचं, त्यात चवळीच्या लांब शेंगा. अमेरिकेत फरसबीवर भागवतात.

मला खरा रस आहे तो 'फ्रिक'मध्ये. हा शब्द मुळात मिऱ्याचा! मिरची पडली अमेरिका खंडातली. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतलं, १५११ मध्ये त्यांचा दूत सयामच्या, म्हणजे आताच्या थायलंडच्या, राजधानीत अयुत्थयेत हजर, आणि त्यांच्या व्यापारातून मिरची आशियात शिरली. तिनं तिकडे मिऱ्याचं नावच बळकावलं. बिचाऱ्या मिऱ्याला मग 'फ्रिक थाय', म्हणजे 'आपलं, थाई फ्रिक' म्हणवून घ्यावं लागलं. म्हणून मेनूवरचं 'प्रिक थाई' ही थाई मिरची समजून जे मागवतात त्यांच्यापुढे लसूण-मिरी येते.

आपल्याकडे वेगळं काय झालं? संस्कृत 'मरिच' म्हणजे मिरे, त्यावरूनच पुढे 'मिरची'. काही विद्वान मात्र 'मरीचि' म्हणजे किरण, इथून मिरची काढतात आणि तिला थेट ऋषींच्या ताटात नेऊन वाढतात. उद्या बटाटाही वेदात सापडेल.

सगळ्यात झकास शब्द गोव्या-मालवणचा: मिरसांग. माझ्या मते हा सरळ मिरी अधिक सांग. कोकणीत शेंगेला सांग म्हणतात. मिऱ्याचा असतो दाणा, ही नवी वस्तू लांबट, पोकळ, आत बिया; म्हणजे मिऱ्यासारखी तिखट शेंग. नाव ठेवणाऱ्यानं ती हातात धरून नीट पाहिली होती. तरी 'मिरसांग हा मिरचीचा अपभ्रंश' असं घाटावरचे पंडित ठोकून देतात. 'ची'चा 'सांग' कोणत्या नियमानं होतो तेवढं दाखवा, मग बोलू.