रावेरचे घर आणि आयकरातला 'निवासी'

ताईंचा प्रश्न असा आहे की, भाऊ १० ऑक्टोबरला नोकरीसाठी जर्मनीला गेला, रावेरजवळचे धाब्याचे घर त्याच्या नावावर आहे आणि आई तेथे राहते. मग आयकराच्या दृष्टीने त्याचे घर कोणते?

आपला कायदा घर पाहत नाही, दिवस मोजतो. पूर्वी तसे नव्हते. भारतात १८२ दिवस राहते घर राखणाऱ्या आणि वर्षात किमान ३० दिवस येथे असणाऱ्या माणसाला निवासी ठरवणारी तरतूद १९६१ च्या कायद्यात होती. १९८२ च्या वित्त अधिनियमाने ती वगळली. 'गावी घर आहे म्हणजे निवासीच' ही पारावरची समजूत बहुधा त्या जुन्या तरतुदीच्या काळातली असावी. आता नोकरीसाठी देश सोडणारा नागरिक त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस येथे राहिला असेल, तरच निवासी ठरतो. एप्रिल ते सप्टेंबरचे १८३ आणि ऑक्टोबरचे १०, म्हणजे भाऊ त्या वर्षी निवासीच आहे आणि जर्मनीतला पगारही येथील विवरणपत्रात दाखवावा लागेल. दोन आठवडे आधी निघाला असता, तर हा व्यापच नव्हता.

जर्मन कायदा मात्र घरच पाहतो. वापरासाठी राखलेली जागा, मग ती भाड्याची का असेना, तेथे असली की माणूस तेथला निवासी. दोन्ही देशांनी हक्क सांगितला की एकाच उत्पन्नावर दोनदा कर लागू नये म्हणून केलेला १९९५ चा भारत-जर्मनी करार पाहावा लागतो, आणि त्यातली पहिली कसोटी 'कायमचे घर' ही आहे. येथे मालकी गौण असते. ते घर त्याला केव्हाही राहायला मोकळे आहे का, हे पाहतात. तेच घर परक्या कुटुंबाला भाडेकराराने देऊन टाकले असते, तर उतारा त्याच्या नावावर असूनही ते मोजले गेले नसते. आई तेथे आहे, त्याची खोली तशीच आहे, त्यामुळे ते मोजले जाईल आणि तिकडची भाड्याची सदनिकाही. मग वैयक्तिक व आर्थिक संबंध कोठे अधिक घट्ट आहेत, हे पाहतात. बायकामुले कोठे आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही आणि माझ्या मते निकाल बराचसा त्यावरच फिरेल. तेथेही उलगडा झाला नाही, तर नेहमीचे वास्तव्य आणि त्यानंतर नागरिकत्व.

पुढच्या वर्षी तो आखाजीला आणि कानबाईच्या रोटांना येऊन गेला, तरी अनिवासीच राहील. भारतातले करपात्र उत्पन्न १५ लाखांवर गेले, तर मात्र मुक्कामाची मर्यादा १२० दिवसांवर येते. केळीचे उत्पन्न शेतीचे असल्याने त्यात धरत नाहीत. पारपत्रावरील शिक्क्यांच्या प्रती आणि जर्मन करखात्याचा निवासी दाखला आताच मागवून ठेवा.