वाचकांचे प्रश्न : सार्वजनिक पैशातला महासंगणक कोणाच्या उपयोगाचा?

प्रश्न : ‘राष्ट्रीय महासंगणन अभियाना’वर केंद्र सरकार हजारो कोटी रुपये खर्च करत असल्याचे वाचले. आज संगणनशक्ती क्लाउडवर तासाच्या दराने भाड्याने मिळते, मग सरकारने स्वतःची यंत्रे कशासाठी उभारावीत? आणि उभारायचीच, तर प्रत्येक विद्यापीठाला पैसे देऊन आपापले यंत्र का घेऊ देऊ नये?
— एक सेवानिवृत्त अभियंता, सोलापूर

उत्तर : या अभियानाला मार्च २०१५ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा सात वर्षांसाठी ४,५०० कोटी रुपयांचा खर्च अपेक्षित धरला होता. निधी केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स-माहिती तंत्रज्ञान या दोन खात्यांचा, आणि अंमलबजावणी पुण्याची सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) व बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांच्याकडे, अशी त्याची रचना आहे.

भाड्याचा हिशेब आधी पाहू. गरज अधूनमधून पडत असेल तर भाड्याचे यंत्रच परवडते, यात शंका नाही. पण मार्च २०२५ मधील सरकारी माहितीनुसार, तोवर उभ्या राहिलेल्या ३४ यंत्रणांचा एकूण वापर ८५ टक्क्यांहून अधिक होता आणि त्यांपैकी कित्येकांचा ९५ टक्क्यांच्याही वर गेला होता. जे यंत्र वर्षानुवर्षे रात्रंदिवस राबणार आहे, त्याचे तासातासाने भाडे भरणे कोणत्याही खात्याला महागच पडेल.

दुसरे कारण कामाच्या स्वरूपात आहे. हवामानाचे गणित करताना वातावरणाचे लाखो लहान तुकडे पाडतात आणि ते हजारो प्रोसेसरांमध्ये वाटून देतात. पुढच्या काही मिनिटांची स्थिती काढण्याआधी प्रत्येक तुकड्याला शेजारच्या तुकड्यातला वारा, दाब आणि तापमान समजावे लागते, त्यामुळे एक प्रोसेसर मागे पडला की बाकीचे त्याच्यासाठी खोळंबतात. म्हणून महासंगणकात प्रोसेसरांइतकेच मोल त्यांना जोडणाऱ्या जाळ्याचे असते. अशी वेगवान जोडणी भाड्याने मिळतच नाही असे नव्हे, पण ती साध्या सर्व्हरच्या दरात मिळत नाही. सी-डॅकने ‘रुद्र’ हा सर्व्हर आणि ‘त्रिनेत्र’ हे जोडणीचे तंत्र देशात विकसित करण्याचे काम हाती घेतले, त्याचे महत्त्व मला यामुळेच मोठे वाटते. शिवाय १९८०च्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक भारताला नाकारल्यानंतर १९८८ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला, हा इतिहास आपल्या पिढीला आठवत असेलच. जे दुसऱ्याच्या मर्जीवर मिळते, ते ऐन गरजेच्या वेळी नाकारलेही जाऊ शकते.

आता प्रत्येकाला वेगळे यंत्र देण्याविषयी. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाने प्रकल्पाच्या निधीतून आठ-दहा सर्व्हर घेतले, तर काय होते ते अनेक ठिकाणी पाहायला मिळते. प्रबंध सादर करण्याचे दिवस आले की ते अपुरे पडतात, एरवी महिनोन्‌महिने रिकामे असतात. वातानुकूलन बिघडले की बंद राहतात आणि ते सांभाळणारा विद्यार्थी पीएच.डी. होऊन गेला की त्यांचा पासवर्डही कोणाला ठाऊक नसतो. तीच रक्कम एकत्र केली तर यंत्र मोठे होते, वेगवेगळ्या विषयांची गर्दी वेगवेगळ्या वेळी होत असल्याने ते रिकामे राहत नाही, आणि वीज, थंडावा व देखभाल यांसाठी पूर्णवेळ माणसे ठेवता येतात.

तरीही एकाच ठिकाणी एकच प्रचंड यंत्र न उभारता या अभियानाने यंत्रे देशभर विखुरली. वाराणसीच्या आयआयटीत २०१९ मध्ये ‘परम शिवाय’, पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थेत ‘परम ब्रह्म’, बंगळुरूला ३.३ पेटाफ्लॉप क्षमतेचा ‘परम प्रवेग’, असा हा विस्तार आहे. (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एकावर पंधरा शून्ये इतक्या आकडेमोडी.) सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्ली, कोलकाता आणि नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी मिळून ‘परम रुद्र’ यंत्रणा राष्ट्राला अर्पण झाल्या. जीएमआरटीच्या ३० अँटेनांकडून अखंड येणाऱ्या विदेतून (डेटातून), सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा टिकणारा, अवकाशातून येणारा रेडिओ लहरींचा स्फोट हुडकायचा असतो. एवढी विदा दूर कोठे तरी पाठवण्यापेक्षा यंत्र तिच्या जवळ असणे केव्हाही सोयीचे.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी रेणूंच्या हालचालींचे गणित करतात. साध्या संगणकावर एकेक गणित आठवडाभर चालते. आमच्यासारख्या लहान ठिकाणच्या लोकांना ही यंत्रे वापरता येतात का? रांगेत कोणाचा नंबर आधी, हे कोण ठरवते?
— एक प्राध्यापिका, नांदेड

उत्तर : वापरता येतात. २०० हून अधिक शैक्षणिक संस्थांतील १० हजारांहून अधिक संशोधकांनी या यंत्रणांचा लाभ घेतल्याचे सरकारने सांगितले आहे, म्हणजे ज्यांच्या आवारात यंत्र आहे त्यांच्याच संशोधकांपुरती ही सोय नाही. यंत्र सांभाळणाऱ्या संस्थेकडे प्रकल्पाचे टिपण, लागणाऱ्या संगणन-तासांचा अंदाज आणि आपल्या संस्थेचे पत्र देऊन अर्ज करावा. नियम आणि शुल्क संस्थेगणिक वेगळे असतात, ते आधी विचारून घ्यावेत.

रांगेचा प्रश्न आपण विचारलात याचा मला विशेष आनंद झाला, कारण सामायिक यंत्राचा न्याय तिथेच ठरतो. लॉगिन केले की आपण थेट यंत्रावर गणित चालवत नाही. किती नोड (महासंगणकात जोडलेले एकेक संगणक) हवेत आणि किती तास हवेत हे एका छोट्या फाइलीत लिहून ‘जॉब’ रांगेत टाकतो. क्रम माणूस ठरवत नाही, कामे वाटून देणारी स्लर्मसारखी प्रणाली ठरवते. अलीकडे ज्या गटाने यंत्र खूप वापरले त्याचा प्राधान्यक्रम ती खाली आणते आणि ज्याने कमी वापरले त्याचा वर नेते. त्यामुळे नामवंत प्रयोगशाळेच्या दहाव्या जॉबच्या आधी आपल्या विद्यार्थिनीचा पहिला जॉब सुरू होऊ शकतो.

लहान जॉबला आणखी एक सोय आहे. समजा यंत्रात १०० नोड आहेत, त्यांपैकी ७० सहा तासांनी मोकळे होणार आहेत, आणि रांगेत पहिल्या जॉबला ९० नोड हवे आहेत. मधले सहा तास ३० नोड रिकामेच राहणार. अशा वेळी आपण २० नोड पाच तासांसाठी मागितले असतील, तर आपला जॉब मध्येच सुरू केला जातो, कारण पहिल्याचे त्यात काही नुकसान नाही. तेच ‘असू द्या हाताशी’ म्हणून दहा तास मागितले असतील, तर तो तसाच मागे उभा राहतो. तेव्हा वेळेचा अंदाज नेटका करायला विद्यार्थ्यांना शिकवा. मात्र मागितलेला वेळ संपला की जॉब अर्धवट असला तरी बंद होतो. म्हणून ठरावीक अंतराने मधली स्थिती फाइलीत साठवत राहण्याची सूचना त्यात असायलाच हवी. रेणूंच्या हालचालींचे गणित करणाऱ्या ग्रोमॅक्ससारख्या खुल्या प्रणालींत ही सोय तयारच असते.

पहिला अर्ज करण्यापूर्वी विद्यार्थ्यांना लिनक्स या संगणकप्रणालीची सवय करून द्यावी. या अभियानाने प्रशिक्षणासाठी चार केंद्रे नेमली आहेत, त्यांत खरगपूर, मद्रास आणि पालक्काड यांच्याबरोबर गोव्याची आयआयटीही आहे. माझे स्पष्ट मत असे, की नव्या यंत्राच्या उद्घाटनाला जेवढे महत्त्व दिले जाते, तेवढेच या प्रशिक्षणाला आणि वापरकर्त्यांच्या शंका निरसणाऱ्या तंत्रज्ञांच्या पदांना दिले पाहिजे. यंत्र काही वर्षांत जुने होते. ते वापरायला शिकलेली प्राध्यापिका पुढच्या वीस तुकड्या घडवते.

प्रश्न : जिनिव्हाच्या सर्न प्रयोगशाळेतील काही विदा मुंबईत ठेवली जाते, हे खरे आहे का?
— एक विद्यार्थी, रत्नागिरी

उत्तर : खरे आहे. सर्नच्या महाकाय कणत्वरकातून निघणारी विदा एका प्रयोगशाळेला पेलणारी नाही, म्हणून ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रे जोडून तिच्यासाठी एक जागतिक संगणन जाळे विणले आहे. त्याच्या युरोपातील पायाभरणीत युरोपीय संघाच्या सार्वजनिक निधीचा मोठा वाटा होता: २००१ पासून एक प्राथमिक प्रकल्प, मग २००४ ते २०१० पर्यंत त्याचा विस्तार. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या जाळ्याचे दुसऱ्या स्तराचे केंद्र आहे आणि ते सर्नमधील सीएमएस या प्रयोगासाठी काम करते. कोलकात्याचे केंद्र अ‍ॅलिस या प्रयोगासाठी. कुलाब्यात बसलेल्या विद्यार्थ्याचा जॉब इटलीत चालू शकतो आणि इटलीतल्या विद्यार्थ्याचा कुलाब्यात; विदेची प्रत कोठे आहे आणि नोड कोठे मोकळे आहेत, एवढेच पाहून जाळे तो पाठवते.