गिटारची पहिली (सर्वांत बारीक) तार महिन्यातून दोन-तीनदा तुटते, काय करावं?

तार नेमकी कुठे तुटते ते आधी बघा. दर वेळी एकाच जागी तुटत असेल, तर दोष बहुधा तारेचा नसून त्या जागेचा असतो. ब्रिजच्या सॅडलवर (गिटारच्या पोटावर तार जिथे टेकते त्या पट्टीवर) तुटत असेल, तर तिथे बारीक धार आलेली असते. तारेला तिथे सतत बाक बसतो आणि पिकचा प्रत्येक फटका त्याच बिंदूवर ताण देतो. तार काढून ६०० आणि मग १००० नंबरचा पॉलिश पेपर दुमडून सॅडलवरची तारेची खाच हलकेच घासा. खोली वाढवायची नाही, फक्त कड गोल करायची. नटजवळ (खुंट्यांच्या बाजूला तार टेकते त्या खाचांच्या पट्टीजवळ) तुटत असेल, तर खाचेत मऊ पेन्सिलीचं शिसं भरा. ट्यूनिंग करताना ‘टिक’ असा आवाज येणं ही तार अडकल्याची खूण. खुंटीवर पातळ तारेचे तीन-चार वेढे पुरेत, तेही एकमेकांवर न चढता. नुसती जाड तार लावून फारसं साधत नाही, कारण त्याच सुराला तिला ताणही जास्त लागतो. मात्र ट्यूनिंग करतानाच तुटत असेल, तर सप्तक तपासा: पहिल्या तारेचा सूर ३२९.६ हर्ट्झ, त्याच्या दुप्पट नव्हे. आणि तार गंजलेली असेल, तर हे सगळं व्यर्थ. आधी ती बदला.