‘माझ्या मोडक्या स्पॅनिशचा त्या मुलांना काय उपयोग?’

सकाळी साडेसातला मी सहसा कुणाला वेळ देत नाही. पण ही मुलगी होती मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, आंतिग्वा गावी, आणि तिच्याकडे आदल्या दिवसाचे रात्रीचे आठ वाजले होते. कॅमेरा सुरू झाला तोच डोळे पुसत. "मॅडम, मी परत येऊ का?"

वय 23, पुण्याची (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत). बी.कॉम. झाल्यावर दोन महिने तिथे राहून स्पॅनिश शिकायचं आणि दुपारी मुलांबरोबर काम करायचं, असा बेत. आंतिग्वात अशी सोय बरीच जुनी आहे: एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, सकाळचे चार तास समोरासमोर, आणि मुक्काम एखाद्या कुटुंबात. निघण्याआधी आईबाबा तिला माझ्याकडे सल्ल्यासाठी घेऊन आले होते. बाबांचा प्रश्न होता, "सेवा करायची आणि वर पैसेही आपणच भरायचे?" मला तो मुळीच कंजूष वाटला नाही. पैसे कुठे जातात हे विचारलंच पाहिजे.

तेव्हा तिच्या यादीत एक अनाथालयही होतं. ते मी खोडायला लावलं. अशा संस्थांमधल्या अनेक मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. पाहुणे आणि देणग्या येत राहतात म्हणून मुलंही येत राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 2019 च्या ठरावात अनाथालयांतल्या अशा स्वयंसेवेने होणाऱ्या हानीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. शिवाय दर महिन्याला नवी ताई येते, लळा लावते आणि निघून जाते, हे लहान मुलाने किती वेळा सोसायचं? म्हणून माझी अट एकच होती: मुलं संध्याकाळी आपापल्या घरी जात असतील, अशीच जागा निवड. तिने जवळच्या एका खेड्यातला दुपारचा अभ्यासवर्ग निवडला.

आता तिसरा आठवडा. पहिल्यांदा तिचा फोन आला तेव्हा मी "होईल सवय, धीर धर" म्हणून मोकळी झाले होते. चुकलंच माझं. या वेळी विचारलं, "दोन ते पाच नक्की काय होतं, ते घड्याळ लावून सांग." मग निघालं ते असं: तिथल्या शिक्षिका हिला बघून दुसऱ्या खोलीत जायच्या, आणि वीस मुलांना इंग्रजी शिकवायची जबाबदारी हिच्या एकटीवर. सूचना स्पॅनिशमधून द्यायच्या. हात वर करा म्हणताना ती ‘एल मानो’ म्हणाली, कारण आपला हात पुल्लिंगी. स्पॅनिशमध्ये तो स्त्रीलिंगी. "सेन्यो, ला मानो!" अख्खा वर्ग हसला. (तिकडे मुलं बाईंना ‘सेन्यो’ म्हणतात.) त्या हसण्याने ती खचली होती. "मी त्यांचा वेळ फुकट घालवतेय," हे तिचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. वीस मुलं एकटीच्या गळ्यात घालणं तिच्यावर अन्याय होता आणि मुलांवर जास्त.

मी म्हटलं, परत येऊ नकोस, खुर्ची बदल. शिक्षिका वर्गात असल्याशिवाय वर्ग घ्यायचा नाही, हे संस्थेला सांग. तू मागे बस, एका वेळी एकाच मुलाजवळ. त्याला मोठ्याने वाचू दे, तू फक्त ऐक. तुझ्या चुका त्याला काढू देत.

सांगायला तिला दोन दिवस लागले. वाक्यं सकाळच्या शिक्षिकेकडून घोटून घेतली. मग एक आठ वर्षांचा मुलगा तिच्या वाट्याला आला. घरी आजी काक्चिकेल ही माया भाषा बोलणारी, त्यामुळे पुस्तकातलं स्पॅनिश त्यालाही अडखळतच यायचं. आपल्याकडे कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत येतं, तसंच. दोघं एकाच ओळीवर अडायची. सातचा पाढा येईना, तेव्हा ही नकळत मराठीत पुटपुटली, ‘सात एके सात, सात दुणे चौदा’. त्याला चाल आवडली. आकडे स्पॅनिश, ठेका आपला.

निरोपाचं मी आधीच बजावलं होतं. जायची तारीख दहा दिवस अगोदर सांगायची, भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करायची. ‘परत येईन’ म्हणायचं नाही. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे नाहीत. यावर ती जरा फुरंगटली, पण ऐकलं.

शेवटच्या शुक्रवारी तो मुलगा आलाच नाही. ती पुन्हा साडेसातला स्क्रीनवर, पुन्हा रडवेली. "चिडला असेल का माझ्यावर?" असेलही, मी म्हटलं. किंवा आजीबरोबर बाजारात गेला असेल. मुलांना कधी कधी आपणच आधी निघून जायचं असतं. त्याची वही तिने वर्गाच्या शिक्षिकेकडे ठेवायला दिली होती, सातच्या पाढ्याचं पान दुमडून.